फट न ठेवणारा सुतार

आमच्या दादाने उभ्या आयुष्यात कपाटं, पलंग आणि दारं केली. त्याच्या कामात नखाएवढी फट सापडली तर तो दोन दिवस कोणाशी धड बोलत नसे. अशा माणसाच्या डोक्यात साठीला जुनी लाकडी मोटारबोट घेण्याचं खूळ कोणी भरवलं, असं लोक मला विचारतात. कोणी भरवलं नाही. वहिनीचे पाय सुजायचे, म्हणून त्याने ती घेतली.

वहिनीची आई तलावाच्या पलीकडच्या काठावर एकटी राहायची. इकडच्या गच्चीवरून तिकडची घरं दिसतात, पण बस तलावाला वळसा घालून जाते आणि जायला चार तास, यायला चार तास खाते. दर रविवारी वहिनी पहाटे निघायची, आईची औषधं डबीत लावून द्यायची, तिच्याशी गप्पा मारायची आणि अंधार पडता पडता लंगडत घरी यायची. दादाला ते बघवत नव्हतं. बोटीने जेमतेम अर्धा तास.

बोट सात वर्षं एका शेडमध्ये उलटी पडलेली. फळ्यांमधून उजेड आरपार दिसत होता. विकणाऱ्याने "थोडं काम आहे" एवढंच सांगितलं. विकणारे तेवढंच सांगतात. ती दादाच्या कारखान्यात आली आणि माझ्या सुट्ट्यांची वाट लागली. मी पडलो शाळामास्तर, म्हणून माझ्या हाती पॉलिश पेपर. जुना रंग घासताना नाकातोंडात इतका जायचा की जेवणालाही त्याचीच चव लागायची. इंजिनाने तर नाकी नऊ आणले. मेकॅनिक यायचा, सुरू करून दाखवायचा, चहा प्यायचा, आणि त्याची पाठ वळली की इंजिन बंद.

"महिनाभर दम धर," दादा वहिनीला म्हणाला होता. "मग दर रविवारी काय, म्हणशील तर रोज सोडतो."

वहिनीने बसने जाणं थांबवलं. एका महिन्याचे तीन झाले, तिनाचे अकरा. बोट कायम होतच आलेली असायची. पुढच्या रविवारी बोटीने जायचंय, मग या रविवारी कशाला आठ तास बसमध्ये हाडं खिळखिळी करायची, हे दर वेळी अगदी पटायचं. मलाही पटायचं. आईला शेजारीण जेवण द्यायची. फोनवर आई "बरी आहे मी" म्हणायची, आणि आम्हाला तेवढं पुरायचं.

फळ्यांच्या फटींना दादाने दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. वाळल्यावर दगडासारखं होणारं लुकण त्याने एकेका फटीत ठासून भरलं, घासलं, वर रंगाचे तीन हात दिले. बोट त्याच्या कपाटांसारखी गुळगुळीत झाली. पाण्यात सोडली तेव्हा थेंबभर पाणी आत आलं नाही. "आठवडाभर राहू दे पाण्यात," दादा म्हणाला, "रविवारी आईकडे."

शनिवारी आम्ही धक्क्यावर गेलो तर बोट अर्धी बुडालेली. आतल्या तीन बरगड्या मोडल्या होत्या आणि फळ्या बाहेर आल्या होत्या.

धक्क्यावरच्या म्हाताऱ्या होडीवाल्याने वाकून बघितलं. "फटी कोणी बुजवल्या?"

"मी," दादा म्हणाला.

"अहो, लाकूड पाण्यात फुगतं. म्हणून आम्ही फटीत मऊ सूत भरतो, बाकीची फट आपोआप मिटते. तुम्ही त्याला फुगायला जागाच ठेवली नाही. विचारायचं तरी."

चाळीस वर्षं सुतारकाम केलेल्या माणसाने लाकडाबद्दल कोणाला विचारायचं, हे दादाच्या मनातही आलं नसणार. मला त्याचा राग आला होता, पण त्याच्या तोंडाकडे बघून मी बोटीचा दोर ओढायला लागलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बसने गेलो. दादा सगळा वेळ पिशवी मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होता. आईच्या घरी पोचल्यावर तो दाराबाहेरच थांबला.

आई खुर्चीत बसली होती. स्वच्छ साडी, केस विंचरलेले. तिने वहिनीला आपादमस्तक न्याहाळलं.

"कोणाकडे आलात?"

"आई, तुझ्याकडेच."

"बसा," आई म्हणाली. "पण जरा लवकर आटपा हं. आज रविवार, माझी मुलगी यायचीय."

वहिनी तिच्या शेजारी टेकली. "बरं," ती म्हणाली, "ती येईपर्यंत बसते."