शेवटच्या राउंडचा आकडा

तो आकडा मी इथं लिहिणार नाही. तीन अंकी आहे, एवढंच. मालगाडीच्या डब्यावर, स्कूटरच्या नंबरप्लेटवर, कधी दवाखान्यातल्या टोकनवर तो दिसतो आणि मी नजर वळवते. हॉस्टेलच्या मेसमध्ये एकदा माझ्या कुपनावर तोच आला. शेजारच्या मुलीशी मी कुपन बदलून घेतलं. तिनं कारण विचारलं, मी सांगितलं नाही.

भिलाईत सेक्टर सहामध्ये आमचं क्वार्टर होतं आणि माझ्या मैत्रिणीचं दोन सडका सोडून. दोघींचे वडील स्टील प्लांटमध्ये. के.जी.पासून एकाच इंग्रजी शाळेत होतो. आपसात आम्ही हिंदीत बोलायचो, पण तिच्या घरात पाऊल टाकलं की मराठी, कारण काकू नागपूरकडच्या आणि त्यांना दुसरी भाषा घरात खपायची नाही. इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षी दोघींनी गेट ही प्रवेशपरीक्षा दिली. मला एम.टेक.साठी हवी होती ती सीट पहिल्याच राउंडला मिळाली आणि मी ती घेऊन मोकळी झाले. तिचं अडलं होतं.

ज्यांना या गोष्टीशी काही देणंघेणं नाही, त्यांच्यासाठी सांगते. गेटचा स्कोअर हजारांपैकी असतो. प्रत्येक संस्था राउंडमागून राउंड ऑफर पाठवते, आणि ज्या स्कोअरपाशी ती थांबते तो त्या राउंडचा कटऑफ. वरची मुलं दुसरीकडे निघून गेली की पुढच्या राउंडला तो खाली उतरतो. ऑफर आली की तीन वाटा असतात: घेऊन टाकायची, रोखून ठेवून अधिक चांगलीची वाट बघायची, किंवा नाकारून वाट बघायची. रोखणं दोनदाच चालतं. तिसऱ्यांदा घ्या किंवा सोडा.

मला हे सगळं आवडायचं. यात कुणाशी बोलावं लागत नसे. मी जुन्या वर्षांचे कटऑफ शोधून एक शीट बनवली होती, संस्था, विभाग, राउंड अशी. कॉलेजातल्या मुली मेसेज करून विचारायच्या आणि मी उत्तर द्यायचे. समोर बसून कधी चार वाक्यं न बोलणारी मी त्या शीटमुळे जाणकार ठरले होते.

मैत्रिणीच्या हातात एका बऱ्या संस्थेची ऑफर होती. तिला हवी होती त्याहून मोठी, जुनी संस्था, विभाग तोच. तिचा स्कोअर तिथल्या कटऑफच्या थोडा खाली होता. ऑफर दोनदा रोखून झाली होती. माझ्या शीटमध्ये त्या मोठ्या संस्थेच्या रांगेत एका वर्षाचा शेवटचा राउंड रिकामा होता. यादी कुठं सापडत नव्हती. आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहणारा एक दादा, प्लांटमधलाच इंजिनियर, त्याच वर्षी त्याच विभागात शिकायला गेला होता. बाबांना म्हटलं, त्यांना विचाराल का, किती स्कोअरवर मिळालं? बाबा शिफ्टवरून आले ते हातरुमालाच्या घडीत चिठ्ठी घेऊन. त्यावर तो आकडा.

मी तो रिकाम्या चौकोनात भरला.

तो बाकीच्या आकड्यांहून बराच खाली होता. हे मला त्याच क्षणी दिसलं. हे मी स्वतःला कधी विसरू दिलेलं नाही. शेवटचा राउंड आहे, उतरला असेल, असं मी मनाशी म्हटलं, पण एक आकडा इतका कसा उतरेल, हा प्रश्न तिथंच बसून होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकलवरून दूध आणायला निघाले तर दादा खाली स्कूटर धूत होता. ओली फडकी, बादली, पायात रबरी चप्पल. मी पॅडल मारायची थांबले. विचारायचं एवढंच होतं की तुम्ही कोणत्या यादीतून गेलात. त्यानं वर बघितलं, हसला, म्हणाला, "काय, निघाली का हॉस्टेलला?" मी मान हलवली आणि पुढं गेले. अनोळखी नव्हता, वाईट नव्हता. फक्त बोलावं लागलं असतं.

त्याच दिवशी दहा वाजता मी मैत्रिणीच्या घरी होते. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, बाजूला काकू भेंडी पुसत बसलेल्या.

"हातातली सोडू का वो?" मैत्रीण म्हणाली. "खरं सांग. मले भीती वाटून राहिली."

मी शीट दाखवली. त्या चौकोनावर बोट ठेवलं. तिचा स्कोअर त्याच्यापेक्षा चांगला वर होता.

"इतका उतरते?" ती म्हणाली.

"एका वर्षी उतरलाय."

"हिच्या बाबानं आणला ना आकडा?" काकू म्हणाल्या. "मंग पक्काच असन. अन् हे पोरगी उगाच तोंड उघडत नाही. बोलली म्हणजे तोलून बोलली."

मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं. माझं बोट अजून त्या चौकोनावरच होतं. तिनं 'रिजेक्ट'वर क्लिक केलं, स्क्रीननं पुन्हा विचारलं, खात्री आहे का. तिनं पुन्हा क्लिक केलं आणि हात झटकून म्हणाली, "चल, जे होईन ते."

पुढच्या राउंडला कटऑफ थोडा उतरला, पण तिच्यापर्यंत नाही. त्याच्या पुढच्याला तिथंच राहिला. मग राउंड संपले. सोडलेली सीट केव्हाच दुसऱ्या कुणाला गेली होती.

त्या वर्षी गणपतीला मी हॉस्टेलहून घरी आले, तेव्हा मंडळात दादा भेटला. प्रसादाच्या रांगेत माझ्या मागे उभा होता. स्वतःहूनच म्हणाला, "तुझ्या बाबांनी विचारलं होतं ते कुणासाठी? माझा स्कोअर काही कामाचा नाही हं. मी स्पॉन्सर्डमधून गेलो. प्लांटनं पाठवलं, स्टडी लीव्हवर. त्याची यादी वेगळी असते, बरीच खाली."

नोकरीवरच्या माणसाला त्याची कंपनी शिकायला पाठवते, त्याची ही स्पॉन्सर्ड यादी. कॉलेजातून निघालेल्या मुलीला ती लागू नसते. आमच्या टाउनशिपमध्ये हे कुणी सांगत नाही, कारण प्लांट हा इथं गृहीतच असतो. घर प्लांटचं, दवाखाना प्लांटचा, शाळेची बस प्लांटची. माणूस प्लांटमधून शिकायला गेला म्हणजे प्लांटनं पाठवला, यात बाबांना सांगण्यासारखं काही वाटलं नाही. मलाही तो प्लांटचा आहे हे माहीत होतंच. तरी डोक्यात ती दोन टोकं जुळली नाहीत. कदाचित मी ती जुळू दिली नाहीत.

मी प्रसाद घेतला आणि घरी आले. मैत्रिणीला सांगितलं नाही. फोनवर तीच मला म्हणायची, "माझं नशीबच तसं, यार." मी गप्प राहायचे, आणि माझं गप्प राहणं तिला नेहमीसारखंच वाटायचं. पुढच्या वर्षी तिनं पुन्हा गेट दिली. स्कोअर आधीपेक्षा कमी आला. आता ती जामुलच्या एका शाळेत गणित शिकवते, बसनं जाते-येते. माझी डिग्री झाली, नोकरी लागली. मुंबईहून येताना गाडी दुर्ग सोडून भिलाईकडे सरकायला लागली की मी नजर डब्याच्या आत वळवते. खिडकीतून वॅगनी दिसतात, प्रत्येकीवर आकडे.

गेल्या सुट्टीत काकूंनी जेवायला बोलावलं. मैत्रिणीची धाकटी बहीण आता शेवटच्या वर्षाला आहे. तिनंही गेट दिली होती, निकाल यायचा होता.

"हिचंही तूच पाहून देजो," काकू पोळी वाढत म्हणाल्या. "मोठीच्या वेळी एवढी मेहनत केली तू. फळ नाही भेटलं, ते नशीब. पण केलं तर तूच केलं."

"हो, हिलेच विचार," मैत्रीण बहिणीला म्हणाली. "हिची शीट म्हणजे ब्रह्मवाक्य."

ती चेष्टा करत होती. मी ताटातली पोळी तशीच ठेवली. हात धुवायच्या निमित्तानं मी उठले आणि तिला म्हटलं, खाली ये जरा.

जिन्याखाली सायकली लावायच्या जागेत मी सांगितलं. दादा, स्पॉन्सर्ड, गणपतीतली रांग. आकडा खाली दिसला होता हेही. स्कूटरची सकाळही. मी पाठ केल्यासारखं बोलत होते, आणि खरंच मनात ते इतक्यांदा म्हणून झालं होतं.

ती भिंतीला टेकून ऐकत होती. मग म्हणाली, "समोर उभा होता तो?"

"हो."

"अन् तू विचारलं नाही. कावून?"

"लाज वाटली."

"लाज." तिनं तो शब्द उचलून बघितल्यासारखा उच्चारला. वर कुणाच्या तरी कुकरची शिटी झाली. "मले वाटे मीच घाई केली. चार वर्षं झाली वो. मी रोज बसमध्ये विचार करतो की माझंच चुकलं."

मी माफी मागितली.

"आईले नको सांगू," ती म्हणाली. "ती तुले फार मानते." आणि जिना चढायला लागली.

वर बहीण लॅपटॉप उघडून बसली होती. मला जागा करून दिली. "ताई, मागच्या वर्षीचे कटऑफ आहेत ना तुझ्याकडे?"

मी शीट उघडली. मैत्रीण खुर्ची ओढून आमच्या दोघींच्या मधे बसली. आवाज अगदी रोजचा होता.

"हिनं काहीही सांगितलं तरी तू स्वतः फोन लावून विचारजो. अन् क्लिक करायच्या आधी मले दाखव."

"असं कावून बोलते वो तिले?" काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या. "घरचीच पोरगी आहे ते."

"बरोबर बोलतेय ती, काकू," मी म्हटलं.

काकू काहीतरी पुटपुटल्या आणि नळ सोडला. मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं लॅपटॉप स्वतःकडे ओढला, आणि माझ्या शीटमधली पहिली रांग मोठ्यानं वाचून, प्रत्येक आकड्यापाशी थांबून विचारू लागली, "हा कुठून आणला? अन् हा?"

मी सांगत गेले.