पाण्याचा लेयर

"आधी सगळं दाखव, मग हलव," असं म्हणत काका पेन्सिलीने मॉनिटरच्या काचेवर टकटक करायचे. काचेवर शिशाचे इतके ठिपके झाले होते की नवीन माणसाला ते नकाशातलेच वाटायचे. पुसायला गेलं तर काका म्हणायचे, "राहू दे गो, माझी हजेरी हाय ती."

महाडच्या एका इंजिनिअरसाहेबांच्या ऑफिसात मी डिप्लोमा करून लागले, तेव्हा काका तिथे वीस वर्षं नकाशांचं ट्रेसिंग करत होते. उमरठकडच्या एका वाडीतून रोज एसटीने यायचे, पोलादपूरला गाडी बदलून. साहेबांनी कॉम्प्युटर आणला तेव्हा पन्नाशीच्या काकांनी महिनाभर तो नुसता पाहिला. नंतर कॅडचा, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे काढायचा, कोर्स केलेल्या मलाच ते कॅड शिकवायला लागले. असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. आपण त्याला दोन गोष्टी सांगायला जातो आणि चार ऐकून परत येतो.

एकदा माझं तीन फुटांचं दार अडीचचं निघालं. मी हुशारी केली आणि मापावर नुसता तीनचा आकडा टाइप केला. काकांनी लगेच पकडलं. "आकडा काय बदलतेस? भिंत बदल. आकडा वाचून सुतार दार करंल, ते बसणार नाय." रेघ भिंतीला टेकल्यासारखी दिसली की मी पुढे जायची. ते झूम करून मधली फट दाखवायचे आणि म्हणायचे, "ह्याच्यातून घूस जाईल." मी चिडायची. पण त्यांनी पाहिलेला नकाशा कधी परत आला नाही, हेही खरंच.

कॅडमध्ये लेयर असतात. एकावर एक ठेवलेले ट्रेसिंगचे कागदच समजा. भिंतींचा एक, दारांचा एक. प्रत्येकापुढे छोटा बल्ब असतो. तो विझवला की तेवढा लेयर दिसेनासा होतो. काकांच्या प्रत्येक फाइलमध्ये एक जास्तीचा लेयर असायचा, 'पाणी' नावाचा. महाडात पूर ओसरला की काका टेप घेऊन गल्लोगल्ली फिरायचे, भिंतींवरची चिखलाची खूण मोजायचे आणि डायरीत लिहायचे. त्या जागी नवीन घर निघालं की सेक्शनमध्ये, म्हणजे घराच्या उभ्या छेदाच्या चित्रात, त्या उंचीवर एक निळी रेघ मारायचे आणि जोतं तिच्या फूटभर वर घ्यायचे. साहेबांना ती रेघ आवडायची नाही. गिऱ्हाईक घाबरतं म्हणायचे. म्हणून तिचा बल्ब नेहमी विझलेला असायचा.

विझलेला लेयर जागचा हलत नाही. बाकीचं चित्र उचलून सरकवलं तरी तो मागेच राहतो. काकांचं ते 'आधी सगळं दाखव' आणि ती टकटक यासाठीच होती.

काकांची धाकटी बहीण नवऱ्याला घेऊन महाडात राहायला यायची होती. नवऱ्याचं एक अंग लुळं पडलं होतं आणि डॉक्टर जवळ हवा होता. नदीच्या अंगाला जागा मिळाली. घराचा नकाशा काकांनी स्वतः काढला. निळी रेघही मारून झाली होती, जोत्याची उंची तेवढी ठरायची होती. त्या दिवशी काका रजेवर होते. सेक्शन कागदाच्या तळाच्या नावाच्या चौकटीवर चढत होता, म्हणून मी तो दोन फूट वर सरकवला. पाण्याचा बल्ब लावला नाही, रेघ होती तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी काकांनी बल्ब लावला, रेघेपासून फूटभर मोजलं आणि जोतं ठरवलं. डायरी उघडली नाही. फाइलवर त्यांचा विश्वास होता.

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात पाणी आलं, मागच्या खुणेइतकंच. बहिणीच्या घरात ते फूटभर चढलं. मेव्हणे जमिनीवरच्या अंथरुणात होते. शेजारी येऊन उचलेपर्यंत ते पाण्यात होते. त्यांना ताप भरला, आणि पंधरा दिवसांत ते गेले.

तेरावं करून काका कामावर आले ते थेट कॉम्प्युटरपाशी. फाइल उघडली, बल्ब लावला, शेजारी डायरी ठेवली. दोन फुटांचा फरक होता.

"हा सेक्शन कोणी हलवला?"

साहेब केबिनच्या दारात उभे होते. मी मान खाली घालून दाराखिडक्यांचा तक्ता भरत राहिले. काका माझ्याकडे वळले, तेवढं मला जाणवलं.

"मीच हलवला असेल," ते म्हणाले. "वय झालं आता."

त्या महिन्याअखेर त्यांनी काम सोडलं. जाताना काच पुसून गेले. मी हे कोणालाच सांगितलेलं नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

तीन वर्षांनी काका गेल्याचं कळलं. मी एसटीने वाडीवर गेले, बहिणीला सगळं सांगायचं असं ठरवूनच. नवरा गेल्यापासून ती माहेरीच होती. ओटीवर बसवून तिने पाणी दिलं.

"दादा शेवटपर्यंत एकच बोलायचा," ती म्हणाली. "'माझ्या हातानं झालं.' मी त्याच्याशी किती वर्सं धड बोलले नाय. आता वाटतंय, बोलायला पायजे होतं."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात ती आत गेली आणि डायरी घेऊन आली. "ऑफिसातल्या ताईला दे म्हणालेला. तिला वाचता येतंय."

तिच्या महाडच्या घराचं पान मी शोधलं. त्यावर खुणेची उंची होती, बरोबर. खाली पेन्सिलीने, नकाशा कोणी काढला नि कोणी तपासला ते कोपऱ्यात लिहितात तशा सुबक अक्षरांत दोन ओळी होत्या. 'काढणार' पुढे त्यांचं नाव होतं. 'तपासणार' पुढेही त्यांचंच.

"काय लिवलंय गो?" तिने विचारलं.

"मापं आहेत," मी म्हटलं.

तिने चहा टाकला. मी तो प्यायले आणि चारच्या गाडीने परत आले.