शेवटची खेप

सरकारी पाहणीचं काम मिळालं तेव्हा मला ते सोपं वाटलं होतं. देशभरात कामावर माणसांना कधी, कशी इजा होते, ते घरोघर विचारून मोबाईलमध्ये भरायचं. माझ्याकडे दिग्गी आणि गुंद या दोन गावांतली घरं आली.

दिग्गीत एकाच्या पायावरून ओंडका गेला होता. किती वाजता, असं विचारल्यावर तो म्हणाला, "साडेचार झाले असतील, अक्का. शेवटची खेप हुती. घरला जायची घाई झाली." शेजारच्या घरात झाडावरून पडलेला माणूस अंथरुणावर होता. त्याची बायको म्हणाली, "एकच फांदी ऱ्हायलेली. उद्या परत कशाला, म्हणून हे चढले." गुंदला मळणीयंत्रात बोटं गेलेली बाई भेटली. तिचाही दिवसातला शेवटचाच भारा होता.

मी सुपरवायझरना फोन केला. ते म्हणाले, "दुसऱ्या राज्यांतूनही असंच येतंय. माणूस दमलेला असतो आणि काम थोडंसंच उरलेलं असतं."

माझा नवरा जोयड्याजवळ लाकडाच्या वखारीत ट्रक भरतो. मी घड्याळ बघितलं. तीन वाजले होते. त्याला फोन लावला, लागला नाही. वखारीत रेंज नसते हे मला माहीत होतं, तरी पाचसहा वेळा लावला. राहिलेली घरं तशीच टाकून मी बस पकडली. वाटेत प्रत्येक थांब्यावर बस थांबली की मला ओरडावंसं वाटे. तिकिटाचे पैसे देताना माझा हात इतका गार लागला की कंडक्टरनं विचारलं, "थंडीताप हाय काय?"

वखारीत पोचले तेव्हा सगळं शांत होतं. ट्रक भरत आलेला. खाली एक जाडजूड ओंडका आडवा पडलेला आणि त्याखाली चप्पल. त्याचीच. मीच आणलेली, निळ्या पट्ट्याची.

मी वाकून ओंडक्याखाली बघायला लागले.

"तू हितं कशाला?" मागून आवाज आला. तो नळाजवळ उभा होता, एका पायानं अनवाणी. तोंड धूत होता, पण ओंजळीतलं पाणी सगळं सांडत होतं. साखळी सुटली आणि ओंडका घसरला तसा तो बाजूला उडाला होता. तेवढंच.

मुकादम म्हणाला, "काय झालं न्हाई न्हवं? चला, दोनच ऱ्हायलेत."

माझा नवरा वाकून हातमोजे उचलायला लागला. मी जाऊन ट्रकच्या फळीला पाठ लावून उभी राहिले.

"बाजूला हो, वैनी."

"न्हाई. उद्या भरा."

मुकादमानं नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्यानं जमिनीकडे. मग दुसरा एक हमाल म्हणाला, "व्हय, उद्याच भरू," आणि हातमोजे काढून खाली बसला. ते दोन ओंडके सकाळी चढले.

मोबाईलमध्ये मी ही घटना भरू शकले नाही, कारण इजा झाली नव्हती. नवरा अजून तिथंच जातो. दिवस मावळताना राहिलेलं काम आता ते सकाळवर टाकतात, निदान तो मला तसं सांगतो. मला ते रोज खरं वाटतंच असं नाही.