एकाच रविवारी दोन परीक्षा

"सर, तुम्ही जरा बसा," ती म्हणायची. गणित तिचं चुकलेलं असायचं आणि घाम मला फुटलेला असायचा.

नव्वदच्या दशकात नौपाड्यातल्या एका लहानशा क्लासमध्ये मी बारावीला फिजिक्स शिकवायचो. ती खाडीकाठच्या कोळीवाड्यातून यायची, बहुधा उशिरा आणि नेहमी हसत. असं हसणं तुम्हीही एखाद्या वर्गात ऐकलं असेल. कारण कुणालाच ठाऊक नसतं, तरी शेवटच्या बाकापर्यंत सगळे डोळे पुसत असतात. फळ्याकडे तोंड करून मीही पुसायचो, आणि पोर्शन राहिला म्हणून घरी जाऊन स्वतःला बोल लावायचो.

तिने दोन प्रवेश परीक्षांचे फॉर्म भरले होते. एक साध्या इंजिनिअरिंगची, दुसरी जहाजांच्या इंजिनिअरिंगची. दोन्ही नेमक्या एकाच रविवारी आल्या. तिला जहाजच हवं होतं. वडील नको म्हणत होते. त्यांचा जन्म होडीत गेला होता. पोरीने तरी जमिनीवर राहावं एवढंच त्यांचं म्हणणं.

"सर, आत्या म्हणते देवीला कौल लावू. तुम्ही या."

"परीक्षेचं असं ठरवतात का गं?"

"मग कसं ठरवतात? तुम्ही सांगा."

ठरल्या दिवशी मी गेलो.

देवळात अर्धा कोळीवाडा जमला होता. आत्याने देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर जहाज, डावी पडली तर साधं इंजिनिअरिंग. सगळे हात जोडून उभे राहिले. एप्रिलचा उकाडा होता, माझा शर्ट पाठीला चिकटलेला. शेजारी बटण दिसलं, मी दाबलं. देवीच्या उजव्या हाताला ठेवलेला टेबलफॅन घरघरला आणि उजवी कळी टपकन खाली आली.

एकच गलका झाला. तिने आत्याला उचलून गरकन फिरवलं. मला मात्र राहवेना.

"पंखा मी लावला," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला बारावी नापास झाल्यासारखं वाटलं.

"हा कौल नाय धरायचा," आत्या म्हणाली. पंखा बंद झाला. तिने नव्या कळ्या चांगल्या दाबून बसवल्या. आता कळ्या काही हलेनात. पोरं पेंगली, बायका पदराने वारा घेऊ लागल्या. गुरवाने घड्याळाकडे पाहिलं.

"सर, झालं तुमचं समाधान?" ती कानाशी पुटपुटली.

"मला खोटं बोलवत नाही गं."

"गप्प तर बसता येतं ना?"

वडील आतापर्यंत खांबाला टेकून उभे होते. त्यांनी एकदा देवीकडे पाहिलं, मग लेकीकडे. तिचे डोळे भरले होते. तिला न हसता मी प्रथमच पाहत होतो. त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं.

"सर," ते म्हणाले, "लय उकडतंय. लावा तो पंखा."

"दादा, अरे कळी पडंल ती," आत्या म्हणाली.

"पडू दे."

मी बटण दाबलं. त्यानंतर जे हसणं सुरू झालं ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असणार. आत्याने माझ्या तोंडात अख्खा पेढा कोंबला, तिने दुसरा कोंबला. घुसमटत का होईना, मीही हसत होतो.

ती पास झाली. त्या कोर्सला मुली जवळजवळ नव्हत्याच, तरी तिला कलकत्त्याला प्रवेश मिळाला. ती गेल्यावर आठवड्याभराने वडील क्लासच्या दाराशी आले. वर्ग शांत होता, पोर्शन वेळेवर चालला होता.

"सर, तुमी शिकलेले. जहाजावर तिची जागा खिडकीशी असंल ना? बाहेरचं दिसंल ना तिला?"

इंजिनाची खोली पाण्याच्या पातळीखाली असते. तिथे खिडकी नसते.

"दिसेल की," मी म्हणालो. "मोठी खिडकी असते."

ते मान हलवत जिना उतरून गेले, आणि मी वर्गात जाऊन निवांत हजेरी घ्यायला लागलो.