उन्हात उघडलेला बिल्ला

नागपूरला गाडीतून उतरले, तोंड धुवायला वाकले आणि पदराखालून काहीतरी नळावर टणकन आपटलं. पाहते तर प्रयोगशाळेचा बिल्ला! दारातल्या खुंटीवर ठेवून यायची वस्तू मी घाईघाईत मुंबईहून थेट इथवर मिरवत आणली होती. काड्यापेटीएवढा प्लास्टिकचा बिल्ला, आत काळ्या कागदात गुंडाळलेली छोटीशी फिल्म. किरणोत्सारी पदार्थांशी काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या अंगावर तो असतो. महिनाअखेरीस फिल्म धुतात. किरण लागले असतील तर ती काळी निघते. माझी कधी निघाली नव्हती.

मी निघाले होते सौंसरला, मधुकरच्या आईला भेटायला. मधुकर मुंबईत कॉलेजात शिकवतो. आम्हाला लग्न करायचं होतं आणि आईंची एकच अट होती, मुलीनं ही नोकरी सोडावी. मला नोकरी सोडायची नव्हती आणि मधुकरलाही सोडायचं नव्हतं. म्हटलं, आपणच जाऊन बोलावं.

सावनेर मागे पडलं, मध्य प्रदेशची हद्द लागली, पाट्या हिंदी झाल्या. कंडक्टर मात्र मराठीतच ओरडत होता, "अवं मावशे, समोर सरक न, मांगं लोकं लटकून राहिले!" सौंसर जवळ आलं तशा दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा सुरू झाल्या. थंडीचे दिवस, फळं पिवळी झालेली, बांधावर लाकडी पेट्यांचे ढीग. मुंबईत फळवाल्याशी घासाघीस करून घेतलेली संत्री आठवली आणि हसू आलं.

स्टँडवर मधुकर होता. घरी आई ओसरीवर उभ्या होत्या, बुटक्या, कपाळभर कुंकू, नजर थेट माझ्या हातांवर. त्यांनी भाकर तुकडा ओवाळून टाकला, पाय धुवायला पाणी दिलं आणि जेवायला बसवलं. पाटोडीचा रस्सा (बेसनाच्या वड्यांची झणझणीत भाजी) इतका तिखट, की माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"रडून राहिली काय वं? थोडा सांबार (कोथिंबीर) टाकू का वरतून?" आई म्हणाल्या, आणि मग न थांबता, "तुमच्या तिथी काय बनवता तुमी? नीट समजावून सांग मले."

मी सांगितलं. मेंदूच्या पेशी साखरेवर जगतात. आम्ही साखरेसारखाच एक पदार्थ बनवतो, त्याला किरणोत्सारी खूण जोडलेली. पेशी साखर समजून तो आत घेते, पण पचवू शकत नाही, तो तिथंच अडकून बसतो. "गुरांमधल्या एकाच्या गळ्यात घंटी बांधली आणि वर लोढणंही अडकवलं तर कसं, कुठं चरायला गेलं ते कळतं आणि पुढं पळतही नाही. तसं." मग मेंदूची पातळ चकती फिल्मवर ठेवायची. जिथं पेशी जास्त राबल्या, तिथं फिल्म जास्त काळी होते.

"कोणाचा मेंदू?"

"सध्या उंदराचा."

"अरे बाप्पा! उंदरासाठी एवढा खटाटोप?" त्या हसल्या. पण लगेच गंभीर झाल्या. "माह्या नातवाईले काही झालं तं?"

मी बिल्ला काढून दाखवला, सगळं समजावलं. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. मी तो कोनाड्यात ठेवला. मला वाटलं, जिंकले.

सकाळी उठले तर बिल्ला अंगणातल्या दगडावर, टरफलासारखा उघडलेला, काळा कागद बाजूला. आई माझ्याकडे न बघता मधुकरला म्हणाल्या, "म्या सोता उघडून पायला. पिवळी होती, माह्या डोयासमोर काळी झाली. इच्या अंगातच आहे ते. नाई म्हणजे नाई."

"अहो आई, ते ऊन लागून! कॅमेऱ्याचा रोल उजेडात..."

"तू तं म्हणशीलच."

मी रडकुंडीला आले. एवढी शिकलेली मी, एका फिल्मच्या तुकड्यापुढं हात टेकून बसले.

दुपारी पांढुर्ण्याला शंकरमामाकडे जेवण ठरलेलं, ते मोडता येईना. बसमध्ये तिघंही तीन दिशांना बघत होतो. पांढुर्ण्यात जाम नदीच्या पुलापाशी उतरलो. पलीकडं सावरगाव; पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावं एकमेकांवर गोटे मारतात ते हेच पात्र, आता मात्र तिथं बाया निवांत कपडे धूत होत्या. मला तर आमच्यावरच गोटमार झाल्यासारखं वाटत होतं.

मामा म्हणजे आईंचा धाकटा भाऊ, शाळेत मास्तर. बहिणीचं सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा घास हातातच राहिला.

"बाई, पोरीचं खरं आहे. उन्हानंच होते तसं."

"तुले काय मालूम?"

मामांनी ताट सारलं. "तुह्या लग्नात नागपूरहून फोटोवाला आला होता न? तो पंगतीत बसला, अन म्या त्याचा कॅमेरा उघडला. म्हटलं, आत फोटो कसे बसून राहिले ते पाहावं. अख्खा रोल अंगणात वढून काढला. पांढरा होता, पाहता पाहता काळपट झाला. भेव वाटलं, तसाच कोंबून ठेवला."

आई भावाकडे वळल्या.

"म्हणजे फोटोवाल्यानं नाई बुडवलं?"

"नाई."

"शंकऱ्या, मुडद्या! जलमभर मी त्या बिचाऱ्याले शिव्या देऊन राहिली! एक फोटो नाई माह्या लग्नाचा, एक!" त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मामा खाली मान घालून बसले. मग त्या पदराआडूनच खुदकन हसल्या आणि माझ्याकडे वळल्या. "तुह्या बिल्ल्याचं मी तेच केलं म्हणजे."

मी मान हलवली. त्यांनी माझ्या पानात पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार धरली.

"दर महिन्याले साफ आला का नाई ते मले कळवत जा," त्या म्हणाल्या. "अन मधू, तुमच्या लग्नात फोटोवाला आला का पयले या शंकऱ्याले कोठीत कोंडजा."

मधुकरला ठसका लागला. मी तर पोळी तोंडात असतानाच रडले, आणि या खेपेला तिखटाचा काही संबंध नव्हता.

परतीच्या गाडीत पायाशी संत्र्यांची पेटी होती, डबाभर वास दरवळत होता. घराबाहेर पडताना मी त्या माणसांना विज्ञान समजावायला निघाले होते. समजावलं मामांनी, तेही आपली चोरी कबूल करून. मला तो माणूस फार आवडला.

प्रयोगशाळेत सुरक्षा अधिकाऱ्यांनी फिल्म धुतली, कोळशासारखी काळी. चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "बाई, ही उघडली कुणी?"

"माझ्या सासूबाईंनी," मी म्हटलं.