चीनचं बदक आणि रुळाचा तुकडा

"तात्पर्य काय शे, भाऊ?" असं विचारून नाना हातोडी काखेत मारायचे आणि समोरच्याने तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर द्यायचे. धुळ्याच्या आमच्या कॉलेजात ते शिपाई, घंटेचे मालक. घंटा म्हणजे व्हरांड्यात तारेने टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. ती वाजली की कबुतरंच काय, प्राध्यापकही दचकायचे. असे शिपाई तुम्हीही पाहिले असतील. पण त्यांच्याकडे चीनची गोष्ट नसणार.

ती एका पाहुण्याने स्नेहसंमेलनात सांगितली होती. अख्खा मांडव पेंगत होता. नानांना माईकची वायर धरून उभं राहायचं होतं, म्हणून तेवढे जागे. एका तिरंदाजाने राजासमोर बाण न लावता नुसती धनुष्याची दोरी ओढून सोडली आणि आकाशातला हंस धाडकन खाली आला. त्याला जुनी जखम होती. दोरीचा आवाज ऐकून तो जीव खाऊन वर उडायला गेला, जखम उसवली, पडला. मांडवातून बाहेर येईपर्यंत नानांनी हंसाचं बदक केलं होतं.

"बाण लागनाच नही, भाऊ! बदक घाबरीसन पडनं. तात्पर्य काय शे?"

तात्पर्य माणूस बघून बदलायचं. ओरडून घसा बसलेल्या प्राध्यापकांना, "नुसती दोरी ओढा, सर." नवीन लग्न झालेल्या ग्रंथपालांना, "आवाज आला तरी उडू नका, बसून राहा." प्राचार्यांना मात्र काहीच नाही. "साहेब तिरंदाज शेतस," म्हणायचे.

मी तिथेच कारकून, आणि बाहेरून बी.ए.ला बसलेला. आमच्या घरात माझ्याआधी दहावीचं तोंड कोणी पाहिलं नव्हतं. हे मी तेव्हाही छाती काढून सांगायचो, आजही सांगतो. पण इंग्रजीत दोनदा गेलो होतो. पहिल्या वेळी शेवटची घंटा झाली आणि अर्ध्या वाक्यावरून पेपर ओढून नेला. दुसऱ्या वेळी अर्ध्या तासाची पहिलीच घंटा पडली, हात थांबला तो थांबलाच. वडिलांनी सांगून टाकलं, आता एकदाच. नाहीतर पुस्तकं बांधून ठेव.

मला वाटलं, नाना तात्पर्य सांगतील. त्यांनी हातोडी पुढे केली. "धर. महिनाभर तूच वाजाड."

"नाना, मी कारकून आहे."

"बदकबी मानपानवालंच व्हई."

पहिल्या ठोक्याला कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. तिसऱ्या दिवशी मी घंटा दहा मिनिटं आधीच ठोकली. कॉलेज कॅन्टीनमध्ये रिकामं झालं. प्राचार्य धावत आले, तर नाना माझ्यापुढे.

"साहेब, माझं घड्याळ पुढे गेलं."

"तुझ्या हातात घड्याळ कुठंय?"

"म्हणून तर गेलं, साहेब."

नानांना मेमो मिळाला. संध्याकाळी तो माझ्यापुढे धरून म्हणाले, "वाचीसन दाखाड. इंग्रजीमा शे." न अडखळता वाचलेलं ते माझं पहिलं इंग्रजी. त्यात नानांना बेजबाबदार म्हटलं होतं. ते खूश झाले. "मस्त वाचतोस रे भाऊ!"

परीक्षा आमच्याच कॉलेजात होती. अर्ध्या तासाची घंटा पडली. माझ्या मनात आलं, ठोका तिरका बसला. नाना, मनगट सैल ठेवा. हसू आलं. तोवर पेन पुढच्या ओळीवर गेलं होतं.

काठावर पास झालो. काठावरचा पदवीधर म्हणून कोणी कमी पदवी देत नाही. पेढे घेऊन गेलो आणि या वेळी मीच विचारलं, "नाना, तात्पर्य?" त्यांच्या तोंडात पेढा होता. हाताने थांब म्हणाले, दुसरा उचलला, तेवढ्यात तास संपला आणि ते घंटेकडे गेले.

ते निवृत्त झाले, गावी गेले, आणि दोन वर्षांत वारले. कॉलेजात विजेची घंटा आली. रूळ काढायचं कोणाला सुचलं नाही. परवा त्याच्यावर एक साळुंकी बसली होती. विजेची घंटा किंचाळली, पोरं पळाली, साळुंकी हललीसुद्धा नाही.

शेजारच्या नव्या कारकुनाला मी म्हणालो, "तात्पर्य काय शे, भाऊ?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मीही थांबलो. पुढचं बोलायची मला सवयच नव्हती.