सिस्टरला दिसल्याबिगर गोळी न्हाई

मैत्रिणींनो, आज डोकं लय फिरलंय माझं.

आमच्या ह्यांना मी माझी किडनी दिलीय. ती टिकावी म्हणून रोज आठला गोळी असते. गोळी गिळताना हे मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावून दवाखान्यातल्या सिस्टरला दाखवतात. तिकडून येतं, "शाब्बास काका!"

आज कापसाच्या रानात रेंज नव्हती. आठ वाजले, मी गोळी-पाणी पुढं धरलं.

"थांब, सिस्टरला दिसल्याबिगर कशी घेऊ?"

"मी बघायलेय की!"

ऐकतात कुठं! सव्वाआठपर्यंत बांधावर रेंज हुडकत फिरले. शेवटी रेंज घावली तवा गिळली, आ करून मोबाईलला रिकामं तोंड दाखवलं. शाब्बासकी आली अन् असे लाजून हसले, की तसे माझ्याकडं बघून कधी हसले न्हाईत.

खरं सांगा, जिची किडनी, तिलाबी एकदा आ करून दाखवायला नको का?